‘सेडानच्या पैशांत जुनी एसयूव्ही घ्या’ या सल्ल्याला उत्तर

“नव्या सेडानच्या पैशांत दहा-बारा वर्षांची मोठी एसयूव्ही मिळते. जाड पत्रा, म्हणून सुरक्षित. सात माणसं बसतात. फोर व्हील ड्राइव्ह, म्हणून ओल्या रस्त्याची भीती नाही. आणि किंमत आधीच उतरलेली, म्हणून तोटाही नाही.” या आशयाचा सल्ला हल्ली जो-तो पुढे ढकलतो आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं ज्या गाडीत बसणार, तिचा निर्णय एवढ्या चार वाक्यांवर होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जाड पत्र्याचं. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्या माणसांना वजनाचा फायदा मिळतो, हे खरंच आहे. पण झाड, कठडा किंवा पुलाचा खांब समोर आला की तेच वजन धडकेचा जोर वाढवतं. तो जोर कोणी गिळायचा, हा खरा प्रश्न. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळला आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहिला, तरच आतला माणूस वाचतो. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2009 साली 1959ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009ची शेव्हरोले मालिबू ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. बेल एअरमध्ये पत्र्याची कमतरता नव्हती. तरी तिची बसायची जागा कोसळली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आलं. खरा माणूस असता तर दगावला असता. मालिबूतल्या चालकाचं पायाच्या दुखापतीवर भागलं असतं.

पन्नास वर्षांचं अंतर फार झालं, असं कोणी म्हणेल. तर मग जवळचं उदाहरण घ्या. 2012 साली याच संस्थेने गाडीच्या नाकाचा फक्त कोपरा आदळवण्याची चाचणी सुरू केली. पहिल्या 11 गाड्यांपैकी तीनच बऱ्या ठरल्या. त्या अकराही महागड्या सेडान होत्या, पण अशी चाचणी नसताना आखलेल्या. त्यानंतर कंपन्यांनी सांगाडे बदलले. म्हणजे गाडी बसकी की उंच यापेक्षा तिचा सांगाडा कोणत्या सालच्या समजुतीवर बेतलेला आहे, याला जास्त महत्त्व आहे. सल्ल्यात आकाराला महत्त्व आहे, वयाला नाही. माझा सगळा आक्षेप इथेच आहे.

उंच गाडीला आणखी एक धोका असतो, तो म्हणजे उलटण्याचा. डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की एक आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितकी गाडी उलटायला अवघड. सेडानसारख्या बहुतेक मोटारींचा तो 1.3 ते 1.5 असतो, एसयूव्ही आणि पिकअपचा साधारण 1.0 ते 1.3. अचानक कोणी आडवं आलं, स्टिअरिंग झटक्याने फिरवलं, की हा फरक जाणवतो. अशा वेळी गाडी सावरते ती ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) यंत्रणा. घसरू लागलेल्या गाडीचं एकेक चाक वेगळं ब्रेक करून ती गाडीला ओळीवर आणते. अमेरिकेत ती 2012 मॉडेलपासून नव्या हलक्या गाड्यांना सक्तीची झाली, युरोपात नोव्हेंबर 2014पासून सगळ्या नव्या मोटारींना. त्याआधीच्या गाडीत ती असेल किंवा नसेल. जिला या यंत्रणेची सगळ्यात जास्त गरज, त्या जुन्या उंच गाडीतच ती नसण्याची शक्यता जास्त, ही गोष्ट मला फार खटकते.

सात माणसांचं थोडक्यात सांगतो. जुन्या धाटणीच्या एसयूव्हीची बॉडी शिडीसारख्या चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्यावर, बसवलेली असते, त्यामुळे आतली फरशी उंच आणि मागच्या रांगेत गुडघे हनुवटीशी. ती रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही. सामान टपावर गेलं की गुरुत्वमध्य आणखी वर. शिवाय मागच्या रांगेत तीन टोकांचे पट्टे आहेत का आणि खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथवर पोचते का, हे कोणी बघत नाही. सेडानची डिकी बंद आणि खोल असते, तिच्यातली बॅग ब्रेक मारल्यावर कोणाच्या डोक्यात येत नाही. तिचं तोंड मात्र अरुंद असतं. कपाट किंवा सायकल न्यायची असेल तर तिथे एसयूव्हीच जिंकते.

फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. ते गाडीला पुढे ढकलतं, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना लागतात. ओल्या वळणावर पकड देतो तो टायर. चिखल, वाळू, बर्फ आणि चढ हे रोजचेच असतील तर गोष्ट वेगळी.

उरला पैशांचा हिशेब. किंमत आधीच उतरलेली असते, हा सल्ल्यातला सगळ्यात खरा मुद्दा. नव्या सेडानची पहिल्या काही वर्षांतली घसरण मोठी असते आणि ती खिशाला लागतेच. पण रोज लागणाऱ्या पैशांचं काय? हवेचा विरोध आकार आणि समोरचं क्षेत्रफळ यांवर ठरतो. निमुळत्या सेडानचा हवेच्या विरोधाचा गुणांक 0.28 आणि क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर धरा, जुन्या चौकोनी एसयूव्हीचा 0.42 आणि 2.8. ताशी 100 किलोमीटरला फक्त हवा कापायला सेडानला सुमारे 8 किलोवॉट लागतात, एसयूव्हीला 15. सेडान लिटरला 16 किलोमीटर देते आणि एसयूव्ही 8, असं धरलं तर वर्षाला 15,000 किलोमीटरमागे साधारण 940 लिटर इंधन जास्त जातं. पाच वर्षांत 4,700 लिटर. हा आकडा आपल्याकडच्या दराने गुणून बघा.

आणि दुरुस्ती. गाडी उतरलेल्या किमतीत मिळाली तरी तिचे सुटे भाग मूळच्या महाग गाडीचेच राहतात. मोठे टायर, मोठ्या ब्रेक डिस्क, शिवाय चारही चाकांना ताकद पोचवणारे भाग: ट्रान्सफर केस, दोन डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्टचे सांधे. सेडानमध्ये यातले निम्मे भाग नसतातच. दहा-बारा वर्षांच्या वयात चाकांच्या जोडणीतले बुश, बॉल जॉइंट, शॉक ॲब्सॉर्बर आणि टर्बो जवळपास एकत्रच म्हातारे होतात. बिघाड एकदम येत नाहीत, ते एकामागून एक येतात, आणि दर वेळी वाटतं की एवढं केलं की झालं.

जड ट्रेलर ओढायचा आहे, खडकाळ वाटेवर राहायला आहे, मागची देखभाल लिखित मिळाली आहे, अशांना जुनी एसयूव्ही शोभते. त्यांनी घ्यावी, पण गाडी बघायला जाल तेव्हा ईएससी आहे का हे आधी विचारा आणि मग टायरच्या कडेला वाकून बघा. तिथे चार आकडी खूण असते: 3214 म्हणजे 2014 सालचा 32वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होतं आणि पकड जाते. उंच गाडीखाली असे टायर असतील, तर पाचही टायरची किंमत सौद्यातून आधी वजा करून घ्या आणि घरच्यांना बसवण्यापूर्वी ते बदला.