सीआरपी वाढला म्हणून एआरटी बंद? डोकं ठिकाणावर आहे का?

एचआयव्ही आणि टीबी, दोन्हींचे उपचार चालू असलेल्या आमच्या एका नातलगाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग उद्यापासून बंद करू का?’ पुण्यातल्या ग्रुपांवर हा मजकूर जोरात फिरतोय. म्हणणं असं: एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) सुरू केल्यावर ताप आला, गाठी सुजल्या, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा रक्तातला घटक) वाढला, म्हणजे गोळ्या विषारी, त्या थांबवा, ‘फुल इन्फ्लमेशन पॅनल’ (सूज मोजणाऱ्या रक्तचाचण्यांचा संच) करा, मेडिकलमधून स्टेरॉइड आणा, गुळवेलीचा काढा घ्या.

‘गोळ्या विषारी, थांबवा.’ एआरटीनंतर काहींचा त्रास वाढतो, एवढं मान्य. पहिल्या काही आठवड्यांत ताप उलटतो, मानेतल्या गाठी फुगतात. याला आयरिस म्हणतात. एचआयव्हीने लुळी पडलेली प्रतिकारशक्ती एआरटीमुळे जागी होते आणि अंगात उरलेल्या टीबीच्या जंतूंवर तुटून पडते. सीडी-४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) जितका कमी, तितका धोका जास्त. म्हणजे त्रास होतो तो गोळी लागू पडतेय म्हणून, आणि हे शहाणे तीच बंद करायला सांगतात! बंद केली की विषाणू पुन्हा वाढणार, सीडी-४ घसरणार. आयरिसमध्ये डॉक्टर सहसा एआरटी चालूच ठेवतात. जिवावरच बेतलं तर थांबवायचा विचार होतो, तोही त्यांनी करायचा.

आणि सीआरपीचं काय? तो यकृतात तयार होतो. न्यूमोनिया झाला, दाढेत पू झाला, ऑपरेशन झालं, तरी वाढतो. टीबीत तर वाढतोच. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचआयव्ही असलेल्यांत टीबीची चाळणी करायला सीआरपी सुचवला. मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. टीबी असलेल्याच्या रिपोर्टात तो ठळक अक्षरात आला, तर त्यात नवल काय?

‘पॅनलने खात्री होते.’ होत नाही. आयएल-६ (सूज दाखवणारा आणखी एक घटक), सीआरपी सुरुवातीलाच जास्त असलेल्यांत आयरिसचा धोका जास्त, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ती गटांची तुलना. एकट्या माणसाचं निदान करेल असा आकडा त्यातून मिळालेला नाही. आयरिसची २००८ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या लक्षणांवर चालते, आणि औषधाला दाद न देणारा टीबी, दुसरा संसर्ग, चुकलेल्या गोळ्या ही कारणं आधी बाद करायला लावते. पॅनलचे पैसे तेवढे लॅबला मिळतात.

‘स्टेरॉइड आणा.’ केपटाऊनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडमुळे आयरिसचं प्रमाण ४६.७ वरून ३२.५ टक्क्यांवर आलं. डोस मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी रुग्ण निवडले ते सीडी-४ शंभर किंवा त्याखाली बघून, सीआरपी बघून नव्हे. आणि रिफाम्पिसिनला (टीबीचं एक मुख्य औषध) दाद न देणारा टीबी किंवा हिपॅटायटिस बी असलेल्यांना घेतलंच नाही. मेडिकलवाला हे सगळं विचारणार आहे का?

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. टीबीच्या औषधांचा यकृतावर आधीच ताण असतो, आणि गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

ताप उलटला तर रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या घेऊन एआरटी सेंटरला जा. रिफाम्पिसिन चालू असताना एआरटीतली डोल्युटेग्राव्हिर गोळी दिवसातून दोनदा लागते, तेही तपासून घ्या. डोकं सतत ठणकत असेल, उलट्या होत असतील, दम लागत असेल, तर सेंटर उघडायची वाट बघू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा.