बाईमाणसाला दुर्बीण कशाला?

१ जून उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर शुभेच्छांची झुंबड उडते. दोन काका, एक आत्या, आईचे मामेभाऊ, बाबांचे निम्मे शाळासोबती, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला पहिलीत बसवायचं तर वयाचा हिशेब जुळायला हवा, घरच्यांना जन्मतारीख आठवायची नाही ("त्या साली मोठा पूर आला होता, एवढं लक्षात आहे"), मग गुरुजी दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझा वाढदिवस जूनमधलाच, पण दवाखान्याच्या कागदासकट खरा. तरी थोरले काका दरवर्षी विचारतात, "तुझा गुरुजींनी लावलेला नाही ना?"

यंदा शुभेच्छांपाठोपाठ वाद आला. धाकट्या काकांच्या नातवंडांनी केक आणला, काकांनी मेणबत्त्या फुंकल्या, फोटो ग्रुपवर पडला. आत्याचा लगेच निरोप: "दिवा विझवून कसला वाढदिवस? आपल्यात ओवाळतात." त्यावर एका चुलतभावाने वाढदिवस तिथीनेच करावा असं मांडलं. (जन्मतारीखच गुरुजींची, तर तिथी कोणत्या पंचांगात शोधायची, हे त्याला कोणी विचारलं नाही.) मग गाडी चौकातल्या फ्लेक्सवर गेली, तलवारीने केक कापून पोलिसांत हजेरी लावणाऱ्या 'दादां'वर गेली आणि शेवटी "तुम्हाला तिकडे बसून काय कळणार" इथवर आली. हे शेवटचं माझ्यासाठी होतं.

मी हॅम्बुर्गमध्ये राहते. केक खाते, औक्षणही करून घेते. आई व्हिडिओ कॉलवर फोनलाच ओवाळते. त्यामुळे मेणबत्ती विरुद्ध निरांजन या लढाईत मला फारसा रस नाही. मला खटकलं ते वेगळंच. इतक्या निरोपांत काकांना कोणी काय दिलं, याचा उल्लेख एकदाच आला. धाकट्या काकांना आयुष्यभर जुने रेडिओ उघडून दुरुस्त करायचा नाद आहे. त्यांना शाल मिळाली. दरवर्षी मिळते. जूनमध्ये.

जर्मन लोकांच्याही समजुती काही कमी नाहीत. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं इथे अशुभ मानतात, चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअरही मानतात. उन्हाळ्यात भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेआठ झालेले असतात. आईचा फोन बरोब्बर तेव्हाच येतो, बाहेर अजून ऊन असतं, आणि शेजारीण माझ्याकडे काळजीने बघते. ऑफिसात केक आणायचा तो ज्याचा वाढदिवस त्यानेच. मुलांसाठी खेळण्यांच्या दुकानांत टोपली ठेवायची पद्धत आहे: वाढदिवसाचं मूल हव्या त्या वस्तू आधीच निवडून टोपलीत घालतं, पाहुणे येऊन त्यातली एकेक विकत घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते निलाजरं वाटलं. मागून घेतलेली भेट ती कसली भेट? अजूनही थोडं वाटतंच. टोपलीतून उचलणाऱ्याला त्या मुलाबद्दल काही माहीत असावंच लागत नाही. पाकिटात पाचशे एक घालणाऱ्या आमच्या काकूपेक्षा तो फार पुढारलेला आहे, असं काही मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र इथली मला मनापासून हवीशी वाटते. मोठ्या माणसाला नाद असला तर त्याचं कोणाला नवल वाटत नाही. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या भागात 'मिनिआटुर वुंडरलांड' आहे, छोट्या रेल्वेचं अवाढव्य प्रदर्शन. २००१ साली सुरू झालं, यामागे ब्राउन हे जुळे भाऊ, आणि रूळच १६ किलोमीटरच्या वर. तिथे काचेला नाक लावून उभी असलेली निम्मी माणसं पन्नाशीची असतात आणि त्यांच्यासोबत मूल नसतं. पुण्यातही कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, म्हणजे हे वेड काही युरोपची मक्तेदारी नाही. फरक एवढाच की पुण्यातला बाप तिथे "मुलांना दाखवायला" जातो. स्वतःलाच बघायचं असलं तरी.

आपल्याकडे छंद ही मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. छंदवर्गात ओरिगामी, तबला, हल्ली रोबोटिक्स. आठवीपर्यंत कौतुक, नववी संपली की सुट्टीतच दहावीची बॅच. त्यानंतर छंद परत उगवतो तो थेट निवृत्तीला, आणि तेव्हाही "वेळ जावा म्हणून". बायकांना तर तेही नाही, कारण स्वयंपाकघरातून निवृत्ती मिळत नाही. मला आकाश बघायचा आणि सोल्डरिंग करून, म्हणजे धातूची वायर वितळवून जोड देत, लहानसहान उपकरणं जोडायचा नाद आहे. लग्नानंतरच्या माझ्या वाढदिवसांना भारतातून साड्या आल्या, कुंकवाचा करंडा आला, एकदा प्रेशर कुकर आला. दुर्बीण मी स्वतः घेतली तेव्हा मावशीने निरागसपणे विचारलं, "बाईमाणसाला दुर्बीण कशाला गं?" तिचा हेतू वाईट नव्हता. ती तिच्या हिशेबाने माझे पैसे वाचवत होती.

यंदा मला काय मिळालं ते सांगते, कारण हा सगळा लेख त्यातूनच निघाला. इथल्या आकाशदर्शनाच्या क्लबातल्या लोकांनी वर्गणी काढून एक चांगली नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो तिथलं भिंग, दिली. नवऱ्याने डोक्याला बांधायची लाल दिव्याची बॅटरी दिली, किंमत अगदी मामुली. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. हे त्याला मी कधी शिकवलेलं नव्हतं. मी बाल्कनीत चिडचिड करताना त्याने ऐकलं असणार. आईने नेत्रिकांसाठी गोधडीची कप्पेदार पिशवी शिवून पाठवली, त्याआधी फोनवर माप विचारून घेतलं आणि "आत भिंग आहे म्हणजे मऊ अस्तर लागेल" हे तिचं तिनेच ठरवलं. चुलतबहिणीने पुण्याहून आकाशाची फिरती तबकडी पाठवली, तारीख आणि वेळ जुळवली की कोणते तारे दिसतील ते दाखवणारी. ती तबकडी अठरा-वीस अंश अक्षांशासाठी केलेली. हॅम्बुर्ग साडेत्रेपन्न अंशांवर. इथे तिच्यावरचं निम्मं दक्षिण आकाश उगवतच नाही. तरी ती भिंतीवर लावली आहे आणि पुढच्या मे महिन्यात पुण्याला जाताना पिशवीत टाकेन.

जूनचा वाढदिवस आणि दुर्बीण हे इथे तसंही जमत नाही, हे कबूल करायला हवं. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत हॅम्बुर्गला पूर्ण काळोख होतच नाही; मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, उत्तरेला उजळ पट्टा राहतो. ज्येष्ठा तारा इथे जेमतेम दहा अंश वर येतो, छपरांच्या आड राहतो. पुण्यात तोच तारा आकाशात निम्म्यावर चढतो. तिथे मेपर्यंत आकाश मोकळं मिळतं, मग पावसाळा सुरू झाला की थेट सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ढग. दोन्हीकडे जून वायाच. त्यामुळे "तिकडे सगळ्या सोयी" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

सोयी आहेत त्या वेगळ्या. इथल्या बहुतेक इमारतींत प्रत्येक घराला तळघरात एक खोपटं असतं, तिथे माझं सोल्डरिंगचं टेबल आहे. सहा वाजता ऑफिस सुटतं आणि सुटतं म्हणजे सुटतं. डोंबिवलीहून लोकलने जाऊन-येऊन रात्री साडेनऊला दारात पाऊल ठेवणाऱ्या माझ्या मावसभावाला 'छंद जोपास' असं सांगायला मला लाज वाटेल. त्याच्या वन बीएचकेमध्ये टेबल एकच, त्यावर मुलीचा अभ्यास चालतो. म्हणून "जर्मन लोक नाद जपतात, आपण नाही" हे संस्कृतीचं भाषण मला पटत नाही. जागा आणि वेळ असली की नाद टिकतो. आणि जिथे जागा नाही, तिथेही आपल्याकडे लोकांनी केलंच की: पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ रात्र-रात्र लोकांना आकाश बघायला वांगणी-नेरळला घेऊन जातं. परिसंस्थेत कॉलेजात असताना मी पहिल्यांदा शनीची कडी पाहिली, स्वतःची दुर्बीण नसताना.

पाकिटाचीही बाजू घेते. आहेराचं पाकीट म्हणजे कोरडेपणा असं इथे आल्यावर मला वाटू लागलं होतं, पण माझी पहिली सोल्डरिंग गन मी बारावीनंतर पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून घेतली ती मिळालेल्या पाकिटांतूनच. देणाऱ्यांनी विचारलं असतं तर कोणी घेऊन दिली नसती. रोख रक्कम निदान विचारत नाही. शाल मात्र ठरवूनच येते.

म्हणून या वेळी धाकट्या काकांना मी फोन करून सरळ विचारलं, काय हवंय. मी टोपलीच पुढे केली म्हणा. आधी "काही नको, आम्हाला काय" असं झालं. मग हल्लीच्या सोल्डर वायरवर त्यांची गाडी घसरली. शिसं नसलेली वायर नीट वितळत नाही, जोड कोरडा पडतो, जुना रेडिओ खराब होतो. त्यांचं बरोबर आहे, शिशाची वायर १८३ अंशांना वितळू लागते आणि बिनशिशाची २१७च्या आसपास. युरोपात तर २००६ पासून बहुतेक नव्या उपकरणांत शिसं चालत नाही. हे मी म्हटल्यावर त्यांनी मला जाड-बारीक व्यासांवर एक व्याख्यान दिलं. आमच्या फोनवर आजवर तब्येत आणि हवामान याच्यापलीकडे विषय गेला नव्हता. त्यांना तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन हवं आहे. पुण्यातच मागवलं.

भावाचा मुलगा यंदा दहावीत गेला, त्याचा वाढदिवस मेअखेरीस. मी तेव्हा पुण्यात होते. दुकानातल्या '४५० पट मोठं दिसेल' असं छापलेल्या खोक्यांना हात लावायचा नाही हे ठरलेलंच होतं, ६० मिलिमीटरच्या भिंगातून शंभर-सव्वाशे पटीपलीकडे नुसतं धुरकट दिसतं. मी दोन डोळ्यांची १०×५० दुर्बीण घेतली, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची. वहिनी म्हणाली, "छान आहे हं. दहावी झाली की देऊ त्याला." मी सांगितलं की दिवसा पक्षीही दिसतात. ते चाललं नाही. मग सांगितलं की नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मेअखेरीस रात्री साडेनऊला बरोबर दक्षिणेला असतो, हॅम्बुर्गहून तो कधीच दिसत नाही, आणि साडेनऊला पोराची अभ्यासातून जेवणाची सुट्टी असते. अर्ध्या तासावर तडजोड झाली.

वहिनीची तक्रार आता निराळी आहे. मुलगा दहाला मुकाट्याने खाली येऊन पुस्तक उघडतो. गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलेला असतो तो माझा भाऊ, आणि त्याला जेवायला तीनदा हाका माराव्या लागतात.