‘सेवेला मोबदला कशाला?’ : एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

सातारा शहरातील आणि आसपासच्या गावांतील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिव्यांग आणि दीर्घकाळ आजारी असलेली माणसे यांची घरीच काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना सरकारने भत्ता, रजा आणि निवृत्तिवेतनाचा आधार द्यावा, या मागणीला त्यात विरोध केलेला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ही पाश्चात्त्यांची अडचण आहे, आपल्याकडे कुटुंबच आपली माणसे सांभाळते, सेवेचे पैसे मिळू लागले की माया आटते, आईवडिलांना न सांभाळणाऱ्यांसाठी कायदा आहेच, गरजूंना सरकार आधीच भरपूर देते, आणि हा खर्च राज्याला परवडणारा नाही, शिवाय खोटे लाभार्थी उभे राहतील. संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण चांगल्या हेतूनेच पाठवत असावेत, आणि शेवटच्या मुद्द्यात तथ्यही आहे, म्हणून तो नुसता झटकून न टाकता तपासलेला बरा.

१. ‘आपल्याकडे कुटुंब सांभाळते’

कुटुंब सांभाळते हे खरे. पण कुटुंबातले नेमके कोण सांभाळते, याबद्दल संदेश गप्प आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करत होत्या आणि पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते. देखभाल करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे जात होती, पुरुषाची ७४. यात लहान मुलांचे संगोपनही धरलेले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. अंथरुणावरच्या माणसाची सेवा मात्र या सरासरीत मावत नाही, कारण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, लघवीची पिशवी रिकामी करावी लागते, घास गिळता येत नसेल तर नळीतून पातळ अन्न द्यावे लागते, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात घर सोडून कुठेही जाता येत नाही.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांची घडण पाहिली तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. जावळी आणि पाटणमधील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी आणि गिरणी कामगार म्हणून राबले. खानापूर-आटपाडीकडची गलाई कामगारांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. त्यामुळे गावाकडच्या घरात आजारी माणसाजवळ उरते ती सून, नाहीतर स्वतःच सत्तरीला आलेली बायको. अशी सून भांगलणीच्या रोजगाराला जाऊ शकत नाही, म्हणजे तिचा रोज बुडतो, एवढेच नुकसान मोजून भागत नाही. ती पैऱ्यातूनही, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबण्याच्या रिवाजातूनही, बाहेर पडते. तिने दुसऱ्याच्या रानात जाऊन पैरा फेडला नाही, तर तिच्या रानात कोणी येत नाही, आणि मग ऐन हंगामात स्वतःच्या शेतावर रोख पैसे देऊन माणसे लावावी लागतात. माझ्या समजुतीप्रमाणे हा खर्च आजवर कोणत्याही सरकारी अर्जात विचारला गेलेला नाही.

आणि हा प्रश्न पाश्चात्त्य असल्याचे म्हणावे, तर ‘हे तर तिचे कर्तव्यच आहे’ हा युक्तिवादही तितकाच पाश्चात्त्य निघतो. ब्रिटनने १९७६ मध्ये घरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते, कारण त्या एरवीही घरीच असतात असे गृहीत धरले होते. ही अट १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयात टिकली नाही.

२. ‘पैसे आले की माया आटते’

साताऱ्यात हा युक्तिवाद करणाऱ्याने आधी अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाकडे पाहावे. सैनिकाला पगार आणि निवृत्तिवेतन मिळते म्हणून त्याचे देशप्रेम पातळ झाले, असे या जिल्ह्यात कोणी म्हणून दाखवावे! याहून महत्त्वाचे असे की, युद्धात वा सेवेत शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत कोणीतरी जवळ असावे लागणाऱ्या सैनिकाला केंद्र सरकार निवृत्तिवेतनाखेरीज ‘सतत परिचर भत्ता’ देते. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो महिना ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. जवळ बसणाऱ्या माणसाच्या वेळेला किंमत आहे, हे तत्त्व सरकारने अशा रीतीने कधीच मान्य केलेले आहे. फक्त ते शेतमजुराच्या घरापर्यंत पोहोचलेले नाही.

न्यायालयांनीही ते मानले आहे. रस्ता अपघातात गृहिणीचा मृत्यू झाला, तर तिच्या घरकामाचे आणि देखभालीचे काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई ठरवावी, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्याच्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आणि त्यासाठी २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला. म्हणजे बाई गेल्यावर तिच्या कामाचा हिशेब करता येतो. ती राबत असताना तोच हिशेब मांडला की मात्र मायेचा अपमान होतो, ही गंमतच म्हणायची. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करून तिला मजुरीच्या दराने पैसे द्यावेत, अशी तरतूद कायद्यात होती. ते पैसे घेऊन तिने मुलांवर कमी माया केली असेल, असे मानायला काही कारण दिसत नाही.

भत्ता हा मायेचा मोबदला नसतोच. तो बुडालेल्या रोजासाठी, डायपर आणि ड्रेसिंगच्या खर्चासाठी आणि सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी असतो. जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आहे, आणि घरच्या माणसाची ठरावीक तासांहून अधिक सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतन खात्यात त्या विम्यातून हप्ते भरले जातात. आपल्याकडे दहा वर्षे सासूची सेवा केलेल्या सुनेच्या नावावर ना भविष्य निर्वाह निधी जमतो, ना अनुभवाचा दाखला.

३. ‘कायदा आहेच’

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे आणि तो हवाच. प्रांताधिकाऱ्यांसमोर चालणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थाचा खर्च मंजूर होऊ शकतो, आणि वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा कायदा न सांभाळणाऱ्यांसाठी आहे. जी सांभाळते आहे, तिला तो काहीही देत नाही. त्यातील ‘मुले’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात तिचा समावेश सुचवला होता, पण ते संमत झाले नाही. प्रत्यक्षात सेवा करणारी व्यक्ती कायद्याच्या हिशेबी घरातच नाही, असा हा प्रकार आहे.

४. ‘सरकार आधीच भरपूर देते’

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे गरीब निराधाराला किंवा वृद्धाला मिळतात, आणि त्यांची मूळ उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये काळजीशी जोडलेले नाहीत आणि ते ६५ व्या वर्षी थांबतात, म्हणजे नवऱ्याची शुश्रूषा करणारी ६८ वर्षांची बाई त्यात बसत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ५ लाखांचे विमाकवच आहे. त्याने मिरजेच्या किंवा कराडच्या रुग्णालयातला मुक्काम भागतो, पण पक्षाघात झालेल्या माणसाला घरी आणल्यानंतरची वर्षे त्यात येत नाहीत.

खरी थकबाकी वेगळीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘काळजीवाहक’ या संज्ञेत आईवडील आणि विनामोबदला सेवा करणारे नातेवाईक स्पष्टपणे धरले आहेत, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना करावी, असे कलम २४ मध्ये म्हटले आहे. त्याला शासनाच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घातलेली आहे, हे खरे. पण क्षमतेची मर्यादा म्हणजे काहीच न करण्याची मुभा नव्हे. या कायद्याच्या २१ प्रकारांत पार्किन्सनचा आजार आहे, स्मृतिभ्रंशाचे मात्र स्वतंत्र नाव नाही, आणि नुकताच चहा घेऊनही पुन्हा चहा मागणाऱ्या, रात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाला सांभाळणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको.

५. ‘परवडणार नाही, आणि लोक फसवतील’

परवडण्याचा प्रश्न आपल्याच भागात एकदा सुटलेला आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९६५ च्या सुमारास तिचा पहिला प्रयोग तासगाव भागात झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याइतका पैसा कुठून आणणार, याचे उत्तर राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावून दिले. पगारातून महिन्याला कापले जाणारे २०० रुपये म्हणजे तोच कर. तेव्हा खर्च मोठा आहे असे म्हणून विषय संपत नाही. कोणत्या मार्गाने, कोणत्या टप्प्याने, एवढेच ठरवायचे असते.

टप्पा छोटाही असू शकतो. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना महिना ६०० रुपये अनेक वर्षे दिले गेले. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत, पण कोण कोणाची सेवा करते याची यादी त्यामुळे सरकारजवळ तयार झाली. उलट, चुकीची आखणी कशी महागात पडते, ते ब्रिटनने दाखवले: तिथे कमाई ठरावीक मर्यादेपेक्षा थोडी जरी वाढली तरी संपूर्ण भत्ता रद्द होत असे, आणि ते वेळीच न कळल्याने हजारो काळजीवाहकांकडून मोठ्या रकमांची वसुली निघाली. आपल्याकडे अशी अट घातली, तर चार दिवस ऊसतोडीला किंवा भांगलणीला गेलेली बाई अपात्र ठरेल. त्याच ब्रिटनची एक चांगली तरतूद मात्र घेण्यासारखी आहे: रुग्ण दगावल्यावरही भत्ता आठ आठवड्यांपर्यंत चालू राहतो.

फसवणुकीची शंका रास्त आहे, आणि पैशाने बाई घरातच जखडली जाईल ही त्याहून मोठी शंका, जी संदेशात नाही, तीही रास्त आहे. म्हणून केवळ रोख रक्कम पुरेशी नाही. महिन्यातून काही दिवस प्रशिक्षित माणूस घरी येऊन बसेल, किंवा रुग्णाला थोडे दिवस ठेवून घेणारी जागा तालुक्याला एक तरी असेल, ही सोय मला भत्त्याइतकीच निकडीची वाटते. पडताळणीसाठी नवे खातेही नको. आशा सेविका घरोघरचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात वृद्धांविषयीचे प्रश्न आहेतच. त्यात ‘यांची काळजी कोण घेते’ हा एक रकाना वाढवता येईल, अर्थात आशांना त्या कामाचा वेगळा मोबदला देऊन, नाहीतर एका बिनपगारी बाईची नोंद दुसऱ्या अर्धपगारी बाईच्या माथी मारल्यासारखे होईल.

राज्याच्या निर्णयाची वाट न पाहताही काही करता येते. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वर्षाकाठी सर्वांना सारखी छोटी रक्कम वाटून हा खर्च दाखवण्याऐवजी त्यातून गावापुरती हवेची गादी, चाकाची खुर्ची आणि उशाकडून वर उचलता येणारी खाट विकत घेऊन ती गरजेप्रमाणे फिरती ठेवता येईल. हा ठराव ग्रामसभेत मांडायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.