भोपळ्याची पिवळी बाजू

आज लेकीची निरीक्षणवही तपासून परत आली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागेल, पण वाचा.

मागच्या आठवड्यात त्यांना शाळेच्या बागेत नेलं होतं. शरद ऋतूतली झाडं आणि फळं हा विषय. प्रत्येकाने एक फळ निवडायचं, चित्र काढायचं, खाली दोन-चार ओळी लिहायच्या. हिने भोपळा निवडला. तिच्या चित्रातला भोपळा अर्धा हिरवा, अर्धा केशरी व्हायला लागलेला आणि खाली, जिथे तो मातीला टेकला होता तिथे, तळहाताएवढा फिकट पिवळा डाग. देठ तपकिरी, त्यावर उभ्या शिरा. शेजारच्या पानाला भोकं, कारण पानाला भोकं होती. खाली लिहिलंय, 'देठ लाकडासारखा आहे. नख रुतत नाही. खालची बाजू पिवळी आहे.'

या चित्रावर लाल फुली. शेरा, 'भोपळा केशरी असतो. रंग नीट भरा.' नखाची ओळ खोडून टाकलेली. पुढच्या पानावर फळं आणि भाज्या असे दोन रकाने होते, त्यात तिने भोपळा फळांत घातला म्हणून आणखी एक फुली.

केशरी असतो म्हणजे काय? तो समोर पडलाय ना मातीत! मुलीने गुडघे टेकून, मान वाकवून त्याच्या खाली बघितलं. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे भोपळे गोल, केशरी, एकसारखे. ते पुस्तकातून आलेत, बागेतून नाहीत. मग बागेत न्यायचंच कशाला?

तो पिवळा डाग ही चूक नाही, तिथे ऊन पोचलं नाही एवढाच त्याचा अर्थ. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. वरच्या बाजूला तो मिळाला, मातीला टेकलेल्या बाजूला नाही. म्हणजे फळ एका जागी किती दिवस पडून होतं, कोणत्या अंगावर पडून होतं, हे त्या डागात वाचता येतं. आणि नख? भोपळा तयार झाला की नाही हे असंच बघतात. सालीत नख रुतलं तर कच्चा, नाही रुतलं तर तयार. देठही वाळून लाकडासारखा टणक होतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने हात लावून शोधलं, आणि त्या वेळी मागून आवाज आला होता, 'हात लावायचा नाही!'

फळाचं म्हणाल तर फुलाच्या बीजांडकोशापासून बनतं ते फळ. आत बिया. भोपळा फळ आहे, टोमॅटो फळ आहे, घेवड्याची शेंगसुद्धा फळच. बरं, स्वयंपाकघरात आपण भोपळ्याला भाजी म्हणतो, मान्य. पण हा विज्ञानाचा तास होता.

बाईंची बाजूही आहे, नाही असं नाही. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, वर वह्या तपासायचा ढीग. आणि हेही सांगितलं पाहिजे की ती बाग बाईंनीच उभी केली आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांना झारी घेऊन आळ्यांत पाणी घालताना मी स्वतः पाहिलंय. त्यांच्यावर राग धरवत नाही मला. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. जी बाई त्या वेलाला पाणी घालते, तिने त्या भोपळ्याची खालची बाजू पाहिली नसेल का? पाहिली असणारच. पण तपासताना समोर उत्तरपत्रिका असते, भोपळा नसतो.

आपण पालक तरी काय करतो? चित्र काढायचं आहे असं कळल्या कळल्या ग्रुपवर पहिला प्रश्न, 'कुणी नमुना टाकेल का?' आणि वीस मिनिटांत वीस मुलांसाठी एकच भोपळा.

लेकीने बागेत आणखी एक प्रश्न विचारला होता, काही फुलं फळ न धरताच का गळतात? उत्तर मिळालं, फुलं तोडू नका. घरी तिने तोच प्रश्न मला विचारला, तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी घंटेच्या अर्धा तास आधी गेलो. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. वर्गाचा बागेचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे या मुलांना ते उमललेलं कधी दिसणारच नाही! त्या सकाळी मात्र चार फुलं उघडी होती. तिघांचे देठ लांब, बारीक, सरळ. चौथ्याच्या खाली गोटीएवढा हिरवा भोपळा. ती मादी, बाकीचे नर. नराचं काम पराग देण्याचं, ते झालं की तो गळणारच. आणि मादीपर्यंत पराग पोचले नाहीत तर ती गोटीसुद्धा पिवळी पडून गळते. एक मधमाशी नरात शिरली, अंगभर पिवळी होऊन बाहेर आली. लेक श्वास रोखून बघत होती. मीही. इतक्या वर्षांत मी भोपळ्याचं फूल असं पाहिलं नव्हतं.

डार्विन आजारी असताना याच कुळातल्या एका वेलीची कुंडी अभ्यासिकेत ठेवून तिचे शेंडे आणि तणावे, म्हणजे आधाराला विळखा घालणारे तंतू, कसे फिरतात ते बघत असत. 1865 साली त्यांनी वेलींवर मोठा निबंध छापला, त्याची सुरुवात अशी बघत बसण्यातून झाली. त्यांना कुणी पस्तीस मिनिटं दिली नव्हती.

आणि शरदात बघण्यासारखं किती असतं! सूर्यफुलाच्या ताटात बियांची वळणं एका दिशेने मोजली तर बहुधा 34 भरतात, दुसऱ्या दिशेने 55. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फटकन फुटतं, साली आत गुंडाळतात आणि बिया लांब उडतात. हे हात न लावता कसं कळणार, सांगा मला. मोडू द्या की दोन बोंडं. तेरडा त्यासाठीच ती धरतो.

उद्या वही दुरुस्त करून द्यायची आहे. संध्याकाळी लेक केशरी खडू घेऊन बसली होती. मला म्हणाली, 'आई, पिवळ्यावर केशरी घासलं तर पिवळं दिसेल का गं अजून?' मला काही बोलता येईना. मग तिच्याकडून खडू घेतला, पेटीत ठेवला आणि शेऱ्याखाली बाईंसाठी लिहिलं, 'बाई, घंटेआधी दहा मिनिटं याल का? भोपळा अजून तिथेच आहे. आपण तिघी मिळून त्याची खालची बाजू बघू.'

दप्तर भरून दाराशी ठेवलंय. लेकीने गजर तासभर आधीचा लावलाय.