करपलेला नाश्ता आणि काळी कॉफी

वर्णद्वेषी हिंसेवरची कविता म्हटली की आपल्याला आधी आरोळीच आठवते. साहजिक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन, आणि त्या पिढीच्या कवींनी मराठी कवितेला आवाज चढवायला शिकवलं. ती कविता मला जिवापाड प्रिय आहे. पण आज लिहायचंय ते ग्वेंडोलिन ब्रूक्स या काळ्या अमेरिकन कवयित्रीच्या दोन कवितांबद्दल. त्यांत कुणीच ओरडत नाही.

ऑगस्ट १९५५. शिकागोचा १४ वर्षांचा काळा मुलगा एमेट टिल मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. दुकानातल्या एका गोऱ्या बाईची छेड काढली, असा त्याच्यावर आळ आला. तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या सावत्र भावाने पोराला रात्री घरातून उचललं, हाल करून मारलं आणि नदीत फेकलं. आईने, मेमी टिलने, शवपेटी उघडी ठेवायला लावली. लोकांनी बघावं म्हणून. सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभरात दोघांना सोडून दिलं.

ब्रूक्सही शिकागोचीच. १९६० साली तिच्या संग्रहात या दोन कविता आल्या. पहिली शंभराहून जास्त ओळींची, आणि ती घडते त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात! पहिल्यांदा वाचताना मला रागच आला. मेलं कुणाचं पोर, आणि कविता कुणाच्या चुलीपाशी?

बाई नवऱ्यासाठी नाश्ता करतेय आणि बेकन करपतंय. डोक्यात शाळेत शिकलेलं कथाकाव्य: सोज्वळ कन्या, काळा दुष्ट, सोडवायला आलेला राजपुत्र. मग तिच्या लक्षात येतं की हा दुष्ट तर पोरगेला होता. राजपुत्राने मारावा असा राक्षस त्यात कुठे सापडेना. टेबलावर नवरा लेकराच्या थोबाडीत मारतो, आणि तिला त्या गालाच्या जागी नुसतं लाल दिसू लागतं. खून कवितेत कुठेच दाखवलेला नाही, पण त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तो लागलेला आहे. नवरा जवळ घेतो तेव्हा तिला शिसारी येते.

कविता संपते ती त्या कथाकाव्याच्या शेवटच्या कडव्याचा उल्लेख करून. पान उलटलं की दुसरी कविता म्हणजे तेच कडवं. जेमतेम दहा ओळी. एमेटची आई लाल खोलीत बसून काळी कॉफी पितेय. मेलेल्या लेकराचा मुका घेते. तिला वाईट वाटतं. बस्, एवढंच. आपल्याकडे कप फुटला तरी माणूस 'वाईट वाटलं' म्हणतो. इतका साधा शब्द ब्रूक्स तिथे ठेवते आणि पुढे समजावत बसत नाही. शेवटी लाल माळरानावरून करडा वारा घोंघावतो.

माझा राग तेव्हा फिरला. त्या बाईला शंभर ओळी आणि आईला दहा, हे माप ब्रूक्सने मुद्दाम घेतलंय. त्या देशाने, त्या कोर्टाने दोघींना असंच मोजलं होतं. हा आरोप कवितेत कुठल्याही ओळीत लिहिलेला नाही, तो तिच्या लांबीत आहे.

कुणी दुसरी कविता एकटीच वाचायला दिली तर घेऊ नका. आधी पहिली वाचा, मोठ्याने वाचा. मी तशीच वाचते. पान उलटलं की कुणी न सांगता आवाज खाली येतो, आणि दहाव्या ओळीपर्यंत तो पुरत नाही.