यंदाची नवी गाणी आणि एक कुत्रा

आमच्या भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वर्षभर त्यावर सुप्रभात, देवळाच्या वर्गणीचा हिशेब आणि कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे यापलीकडे काही येत नाही. यंदा डिसेंबर उजाडताच डोंबिवलीच्या पुतण्याने त्यावर फर्मान काढलं. प्रत्येकाने २०२४ सालातली आपली आवडती पाच नवी गाणी कळवायची. गाणं ह्याच सालचं हवं, जुनं चालणार नाही. मुदत एकतीस तारीख, रात्री बारा.

खाली त्याने स्वतःची यादी टाकली होती. पाचांपैकी चार नावं मला वाचताच आली नाहीत. उरलेल्या एकाचा अर्थ पावसाशी संबंधित काहीतरी होता. सात मिनिटांचं गाणं. जो माणूस दरवर्षी चार महिने मालवण तालुक्यात कौलांवरचा पाऊस फुकट ऐकतो, त्याने तो इंग्रजीतून पुन्हा का ऐकावा, हे मी त्याला विचारलं नाही. पोरगा हळवा आहे.

"काका, तुमची यादी पाहिजेच हां. तुम्ही तर भजनात पेटी वाजवायचात!"

वाजवायचो खरा. पण पेटी वाजवणाऱ्याला नवी गाणी माहीत असतात हे म्हणजे आचाऱ्याला बाजारभाव माहीत असतात असं म्हणण्यासारखं झालं. तरी भावकीसमोर अब्रूचा प्रश्न होता. मी सोपी वाट धरली. हल्ली गाण्यांचं ॲपच वर्षाअखेरीस तुमचा हिशेब मांडून देतं, कोणतं गाणं किती वेळा ऐकलंत वगैरे. म्हटलं, त्यातलीच पहिली पाच उचलून टाकू. आमच्याकडे रेंज येते ती सड्यावरच्या काजूखाली. तिथे जाऊन उभा राहिलो आणि ॲप उघडलं. पडद्यावर रंगीत फटाके उडाले, गोल फिरले, आणि मग मोठ्या अक्षरांत जाहीर झालं की यंदा मी सर्वांत जास्त ऐकलेला कलाकार म्हणजे एक भुंकणारा कुत्रा.

दुसऱ्या क्रमांकावर तोच कुत्रा, जोडीदारासह. तिसऱ्या क्रमांकावर वाघाची डरकाळी.

ह्याचं कारण अण्णा. अण्णा माझे चुलते, वय ऐंशीच्या घरात, आणि त्यांचं वैर साऱ्या जगात फक्त वांदरांशी. शहाळी, केळी, चिकू, पपनस, काहीही धरलं की वांदर अण्णांच्या आधी हजर. फटाके झाले, गलोल झाली, पत्र्याचे डबे वाजवून झाले. मग कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की मोबायलात कुत्रे मिळतात. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता माझा फोन बागेत कामाला जातो. अण्णा तो नुसता ठेवत नाहीत. तांब्याच्या कळशीत सुतळीने अलगद सोडतात, म्हणजे आवाज घुमतो. मध्येच मला कोणाचा फोन आला तर कुत्रा थांबतो आणि कळशीतून माझ्या मेव्हण्याची रिंगटोन वाजते. तिलाही वांदर बिचकतात असं अण्णांचं निरीक्षण आहे.

ॲपने शेवटी अभिनंदन केलं होतं. ह्या कलाकाराचे जगभरात जे निष्ठावंत श्रोते आहेत त्यांत माझा नंबर फार वरचा होता. म्हणजे आयुष्यात प्रथमच मी कशात तरी पहिल्या एक टक्क्यात आलो, ते असं.

तेव्हा आठवूनच यादी करायची ठरलं. आणि आठवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की यंदाचं एकही नवं गाणं मी होऊन ऐकायला गेलो नव्हतो. ती सगळी चालत माझ्याकडे आली होती, आणि येताना कोणाच्या ना कोणाच्या अंगावर बसून.

पहिलं अर्थात 'गुलाबी साडी'. गाणं फेब्रुवारीतलं. गाणारा संजू राठोड तिकडे जळगावचा, केळीच्या मुलखातला. पण माझ्याकडे ते आलं कुडाळच्या कापडदुकानातून. भाचीचं लग्न मे महिन्यात होतं. बायकोला साडी घ्यायची म्हणून गेलो. दुकानदाराने बैठकीवर पांढरी चादर झटकली आणि विचारलं,

"वैनीनूं, गाण्यातली दाखवू काय?"

"माका गाण्यातली नको. माका गुलाबी व्हयी," बायको म्हणाली.

"ताच म्हणतंय मी. ती खलास. राणी आसा, डाळिंबी आसा, अबोली आसा."

इथून पुढचा दीड तास मी एका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. रंगांच्या बाबतीत मी लाल, पिवळा, हिरवा एवढ्यावर समाधानी असणारा माणूस. राणी आणि गुलाबी ह्यांत काय फरक, हे विचारायची चूक मी केली. दुकानदाराने दोन्ही पदर माझ्या मांडीवर टाकले. बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. मागे स्पीकरवर तेच गाणं चालू, संपलं की पुन्हा तेच. शेवटी गोदामातून एक धूळ बसलेला खोका निघाला, त्यात हवा तो गुलाबी सापडला, आणि आम्ही जिंकल्यासारखे घरी आलो.

लग्नात पोचल्यावर कळलं की तालुक्यातल्या सगळ्याच गोदामांतून तसले खोके निघाले होते. मांडवात मोजून चौदा गुलाबी साड्या. बेंजोवाल्यांनी वरातीत ते गाणं पाच वेळा वाजवलं. (बेंजो म्हणजे तो टाइपरायटरसारख्या बटणांचा. त्याचा मूळपुरुष १९१२ साली जपानात जन्मला. पण तो आपल्याकडे येऊन वरातीत किती रमलाय हे पाहिलं, तर जपानी माणूससुद्धा तो परत मागणार नाही.) जेवणं उरकल्यावर मी मागून जाऊन म्हटलं, "चल गो, एस्टी चुकतली." गुलाबी साडीने वळून पाहिलं. ती नवऱ्यामुलाची आत्या होती. त्यांच्याकडची माणसं अजून मला बघून हसतात.

चौदा जुलैला हेच गाणं पुन्हा भेटलं. विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या दरम्यान रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे दुसऱ्या दिवसापर्यंत ठप्प झाली. आमची गाडी चिपळुणात उभी. समोरच्या बाकावर एक चार वर्षांचं पोर, त्याच्या हातात आईचा फोन, आणि फोनवर ह्याच गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा. तुकडा संपतो, पुन्हा सुरू होतो. फोन काढून घेतला की पोर त्याहून वरच्या पट्टीत लागायचं, म्हणून आख्ख्या डब्याने एकमताने फोन परत दिला. मी पाण्याकडे बघत बसलो. रात्री कधीतरी डोळा लागला तर स्वप्नात तो दुकानदार आला.

एवढं होऊनही ते गाणं माझ्या यादीत पहिलं आहे, आणि त्याला कारण आमचे बुवा.

सप्टेंबरात गणपती आले. भजन घरोघर फिरतं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा घेत घेत पुढे सरकतं. आमच्याकडे मंडळी आली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. अभंग झाला, गवळण झाली, आणि बुवांनी गजर धरला. पहिल्या ओळीलाच माझे कान उभे राहिले. चाल तीच! साडी जाऊन तिथे देवाचा पीतांबर आला होता, नखऱ्याच्या जागी मोदक. बाकी ठेका हुबेहूब. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांच्या, मुलखात हे नवं नाही. मुंबईत चाल गाजली की आमच्या बुवांकडे पंधरवड्यात तिची मुंज होते. पण सांगायचं हे की पखवाज आणि झांजांवर ती चाल अशी काही उठली की चिपळूणच्या त्या रात्रीबद्दल मी तिला माफ करून टाकलं. थोरली काकी तर भिंतीला टेकून डुलत होती. तिने बुवांना स्वतःच्या हाताने उसळीची दुसरी वाटी वाढली.

खरी मजा पुढे. नोव्हेंबरात काकीला डोळे दाखवायला कणकवलीला नेलं. एस्टी स्टँडवर चहाच्या टपरीत मूळ गाणं लागलं. काकी थांबली. कान दिला. मग टपरीवाल्यासमोर, कंडक्टरसमोर, चार कॉलेजच्या पोरींसमोर ती कडाडली,

"देवाच्या भजनाची चाल चोरल्यानी मेल्यांनी! आनि वर साडयेचा गानां केल्यानी!"

मी तिला उलगडून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "माका शिकव नको. माज्या कानान ऐकलंय मी, गनपतीत." तारखांच्या हिशेबाने बघितलं तर तिच्यापुरतं ते खरंच होतं. मी गप्प राहून दोन चहा सांगितले.

दुसरं गाणं 'तांबडी चामडी'. करणारे क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर, आणि काढलं ते थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. पुतण्याच्या मते ही मराठीसाठी केवढी मोठी गोष्ट. तीन ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच्या थोडं आधीच डच लोकांनी हे केलं होतं, असं तो म्हणतो. आमच्या वाडीत मात्र गाण्यावर चर्चा झाली ती वेगळीच. "सागवेकर म्हणजे राजापुरातल्या सागव्याचो काय?" "त्येंचा मूळ घर खंयचा?" "आमच्या आत्येक थंयच दिलेली." डच कंपनीपाशी कोणी पोचलंच नाही. काकीला नावावरून वाटलं की तांबोशीचं कालवण कसं करायचं ते गाण्यात सांगितलं असणार.

हे गाणं मी अजून सलग ऐकलेलं नाही. ते मी ऐकलं क्रिकेटच्या मैदानावर. रात्रीच्या टेनिस बॉलच्या मॅचमध्ये चौकार-षटकार गेला की डीजेवाला आठ-दहा सेकंद गाणं सोडतो आणि पुढचा चेंडू पडायच्या आत बंद करतो. म्हणजे गाणं किती ऐकायला मिळणार हे फलंदाजावर अवलंबून. आमच्या वाडीचा संघ सगळा मिळून बत्तीस धावांत आटोपला. दोन चौकार, त्यातला एक बॅटची कड घेऊन गेलेला. समोरच्या वाडीने कडवंही पूर्ण ऐकलं असेल. जे काही वीसेक सेकंद माझ्या वाट्याला आले ते मात्र झकास होते. उन्हात करपलेल्या कातडीवर कोणीतरी इतक्या थाटात गाणं करावं, हे आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या तांबड्या-काळ्या लोकांना बरंच वाटतं.

मधल्या काळात दोन निवडणुका झाल्या, मेमध्ये एक आणि नोव्हेंबरात एक. रिक्षांवर भोंगे लावून गाणी आली, गेली. त्यांना मी यादीत घेणार नाही. सगळ्यांच्या चाली सारख्या होत्या आणि आश्वासनंही.

तिसऱ्यावरून पुतण्याशी भांडण झालं.

सालाच्या सुरुवातीलाच गायक राशिद खान आणि गायिका प्रभा अत्रे चार दिवसांच्या अंतराने गेले होते. आणि पंधरा डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले. बातमी आली त्या संध्याकाळी आमचा पखवाज वाजवणारा पोरगा घरी आला. आयटीआय करतो, बोलतो कमी. ओसरीवर बसला, कणकेचा गोळा थुंकी लावल्यासारखा दोन बोटांनी ओला करत डाव्या पुडीवर चढवला, थापटला, थोडा खरवडून काढला, पुन्हा थापटला. वाजवलं काहीच नाही. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "काका, ह्या ऐका."

झाकीरभाईंच्या 'शक्ती' ह्या बँडचा 'धिस मोमेंट' अल्बम होता. त्याच अल्बमला फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं होतं. झाकीरभाईंनी तर त्या एका समारंभात तीन घेतली. पोराने फोन माझ्या पेटीच्या लाकडावर ठेवला होता. तबल्याचा डग्गा लागला की पेटी आतून हलकेच थरथरायची. बाहेर अंधार पडला. काकीने दिवा लावला आणि, कधी नव्हे ते, कोणाचं भजन चोरलंय असं विचारलं नाही. पोरगा एकदाच बोलला, "ह्या बोटांचा वय त्र्याहत्तर!"

हे मी तिसरं म्हणून टाकलं. दोन मिनिटांत पुतण्याचं उत्तर आलं, "काका, तो अल्बम २०२३चा आहे. बाद."

मी लिहिलं, "आमच्याकडे आत्ता पोचला."

"असं चालत नाही. रिलीज डेट बघतात."

"मग तुझ्या थोरल्या आजीला सांग. तिच्याकडे 'गुलाबी साडी' सप्टेंबरात रिलीज झालं, बुवांनी केलं."

त्यावर त्याने हसणारी तीन तोंडं टाकली आणि उरलेली दोन गाणी मागितली. माझ्याकडे नव्हती. मी प्रामाणिकपणे चौथ्या क्रमांकावर कुत्रा लिहिला, पाचव्यावर कुत्रा व जोडीदार. भावकीत कोणाच्याच यादीला मिळाले नाहीत इतके अंगठे मला मिळाले. तिघांनी लिंक मागितली. त्या तिघांच्याही चिकूच्या बागा आहेत.

एक तारखेला सकाळी सातला अण्णा कळशी घेऊन दारात उभे. तोंड उतरलेलं.

"अण्णा, काय झालां?"

"वांदर आता कुत्र्याक भियत नाय. काल एक कळशेच्या काठार बसान ऐकत होतो. त्येंका सगळा पाठ झालां." मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्या वर्साचा नवीन काय आसा काय बघ."

मी पुतण्याची यादी उघडली आणि पहिलं, ते सात मिनिटांचं पावसाचं गाणं लावून फोन कळशीत सोडला. फणसावरचे वांदर जागचे हलले नाहीत. अण्णा मात्र तिसऱ्या मिनिटाला घरात निघून गेले.