आधी खाडाखोड दाखवा
एका लेखात म्हटलंय, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या तासाला हजेरी आणि वेळेत गृहपाठ एवढी अपेक्षा पुरे. मला नाही पटत. परभणीकडं बरीच वर्षं मराठी शिकवतोय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर भाषेचे क्षमतावर्धन विषय, म्हणजे लिहिणं-बोलणं सुधारण्याचे विषय आले, पदवीसाठी मोजायचे क्रेडिट आले. पण पोरं बारावीपर्यंत गाइडातला निबंध पाठ करून आलेली. 'दुष्काळ' विषय दिला की सगळ्या वह्यांत तोच 'बळीराजा'! मग सांगितलं, घरच्या बोअरबद्दल लिहा, अन् आधी कच्चं आणा, खाडाखोड दिसली पाहिजे. एकीनं टँकरपुढचं भांडण लिहिलं, आईच्या बोलीत, 'कामून' (का म्हणून) सकट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चिक्कार. तरी सगळ्यात जास्त गुण तिलाच दिले. कच्ची वही मात्र अजून निम्मेच आणतात.